एकवाजेंची लागण

आधी मानेचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. पोल्ट्रीच्या तीन नंबर शेडवर काम करणाऱ्या या माणसाची मान जन्मापासूनच डाव्या खांद्याकडे कललेली. मानेतला एक स्नायू आखूड राहिला, एवढंच. बाकी माणूस धडधाकट, दोन्ही खांद्यांवर एकेक खाद्याचं पोतं घेऊन चालणारा. पण समोरून बघितलं की डोकं कसं, घड्याळात एक वाजल्यावर छोटा काटा असतो तसं. कुणीतरी 'एकवाजे' म्हणून हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. नाव इतकं आडनावासारखं की हजेरीपत्रकातही तेच चढलं. ओळखपत्राचा फोटो काढताना फोटोग्राफरने त्यांना तीनदा "सरळ बसा" म्हणून सांगितलं आणि शेवटी वैतागून कॅमेराच वाकडा धरला. फोटोत एकवाजे छान सरळ आले. मागचं कपाट मात्र आता पडतंय की मग, असं दिसत होतं.

एकोणीस वर्षं त्यांनी त्या शेडमध्ये काढली. चार हजार कोंबड्या. सकाळी दारातल्या औषधाच्या पाण्यात गमबूट बुडवायचे, आत जायचं आणि काही न करता दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. कुठली खोकते, कुठली गप्प आहे, हे त्यांना कानाने कळायचं. मग फेरी. कोंबड्या पायात पायात यायच्या. आणि एक गोष्ट त्यांनी बायकोलाही नीट सांगितली नव्हती. कोंबडीचे डोळे दोन बाजूंना असतात. तिला काही निरखून बघायचं असलं की ती मान वाकडी करते. त्यामुळे एकवाजे शेडमध्ये शिरले की चार हजार कोंबड्या माना वाकड्या करून त्यांच्याकडे बघायच्या, आणि तिथे त्यांच्या मानेत कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. बाहेर रस्त्यावर, दुकानात, नातेवाइकांच्या घरी लोक त्यांच्याशी बोलताना आधी मान बघायचे आणि मग चुकल्यासारखं करून जमिनीकडे बघायचे. शेडमध्ये ही भानगड नव्हती. जगात त्यांची अशी ती एकच जागा होती.

तर अशा या शेडमध्ये एके दिवशी एक कोंबडी छताकडे बघत गोल फिरताना दिसली.

आधी दोन दिवस काही कोंबड्या हिरवट हगत होत्या, चोचीखालचे लाल पडदे सुजले होते. एकवाजेंनी ते मुकादमाच्या कानावर घातलं होतं. आता ही एक मान अशी पिळून बसली की चोच आभाळाकडे आणि डोक्याचा मागचा भाग पाठीला टेकलेला. पुढे जायला निघाली की मागे जायची, दाणा टिपायला गेली की हवेला टोच मारायची. दुसऱ्या दिवशी तशा चार झाल्या. आठवडा संपता संपता चौदा.

"उंदीर," एकवाजे मुकादमाला म्हणाले. "खाद्याच्या खोलीमागच्या नाल्याची जाळी फाटलीय. मी तीन वेळा सांगितलं. उंदीर काय काय घेऊन येत असतील."

"बघू," मुकादम म्हणाला.

मुकादम तीन महिने 'बघू'च म्हणत होता. जाळी बदलायचं काम त्याचं. आता चौदा कोंबड्या वाकड्या झाल्यावर जाळीचा विषय मालकीणबाईंपर्यंत गेला तर आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. माणूस बुडायला लागला की कशालाही धरतो. याने एकवाजेंची मान धरली.

मालकीणबाई वडिलांची पोल्ट्री चालवायला घेण्याआधी शाळेत कवायत शिकवायच्या. तीस वर्षं शिट्टी फुंकली. बाईंच्या ऑफिसात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळंबा लावून टांगलेलं. वाकडी ओळ, वाकडा भांग, वाकडी सही, काही म्हणजे काही चालायचं नाही. एकवाजेंना त्यांनी ठेवून घेतलं होतं ते काम चोख म्हणून. पण बोलताना त्या नेहमी त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याशी बोलायच्या.

"बाई," मुकादम हळूच म्हणाला, "लहान तोंडी मोठा घास होतोय. पण त्या कोंबड्या दिवसभर कुणाकडे बघतात?"

"कुणाकडे?"

"चौदातल्या अकरा डावीकडे वाकल्यात. मी मोजल्या."

"आणि बाकीच्या तीन?"

"त्या समोरून शिकल्या, बाई. आरशात उलटं दिसतं तसं."

आता कुणीही शहाण्या माणसाने इथे त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण बाईंनी तीस वर्षं हेच तर पाहिलं होतं! पुढचा मुलगा वाकडा उभा राहिला की अख्खी रांग वाकडी होते. बाई गंभीर झाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

गुरांचे आणि कोंबड्यांचे हे डॉक्टर हुशार होते. त्यांनी एक मेलेली कोंबडी उघडली, कवटीशी कानाच्या आतल्या हाडात घट्ट पिवळा पू सापडला तो दाखवला, आणि म्हणाले, "बाई, हे जंतूंचं काम आहे. कानातून आत शिरतात, तोल सांभाळणारी जागा आणि मेंदूचं आवरण धरतात, म्हणून मान पिळते. कोंबड्यांचा कॉलरा असावा असा माझा अंदाज आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. उत्तर यायला आठ दिवस लागतील, तोवर पाण्यातून औषध सुरू करू. माणसाकडे बघून असं होत नाही."

"सरळ उभा राहून बोल," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या टाचा आपोआप जुळल्या. घात असा की डॉक्टर शाळेत बाईंच्याच हाताखाली होते. पाचवीत त्यांनी डावा पाय आधी टाकायचा तिथे उजवा टाकला होता आणि तो हिशोब अजून मिटला नव्हता.

"होत नाही, हे तू करून बघितलंयस?"

"म्हणजे... माणूस आणि कोंबडी असा प्रयोग... नाही बाई."

"मग बघू या."

अशा तऱ्हेने विज्ञानाला पुढे घालून तो प्रयोग ठरला. अंडी ठेवायची जुनी खोली रिकामी केली. चांगल्या शेडमधून बारा निरोगी कोंबड्या आणल्या. मुकादमाने फूटपट्टी लावून एकेकीची मान तपासली. एकवाजेंनी आठ दिवस त्या बारा जणींबरोबर तिथेच राहायचं, बाहेर पडायचं नाही. बाईंनी हुकूम लिहून काढला, खाली ओळीत सही केली: 'मान वाकडी आढळल्यास, कोणाचीही असो, त्याच खोलीत ठेवावे.' बारातली एक जरी वाकडी झाली तर एकवाजेंचं काम गेलं. सगळ्या सरळ राहिल्या तर शेड परत.

"आणि माझ्या कोंबड्यांकडे कोण बघणार?" एकवाजेंनी विचारलं.

"तुझ्या नाहीत त्या," बाई पंख्याला म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी दुपारी एकवाजेंची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ती शिवणकाम करायची, गळ्यात मोजायची टेप घालूनच हिंडायची. नवरा खिडकीच्या गजांआड आणि मागे बारा कोंबड्या, हे पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"चोवीस वर्षं!" ती मुकादमावर कडाडली. "चोवीस वर्षं मी या माणसाशेजारी झोपते. बघा माझी मान! हवं तर टेप लावा. लागण व्हायचीच होती तर आधी कुणाला झाली असती?"

"तुम्ही कोंबडी नाही, वहिनी," मुकादम म्हणाला.

यावर ती काय बोलली ते इथे लिहीत नाही. मुकादम तेवढा वेळ टोपीच्या आतलं अस्तर बघत होता.

एकवाजे मात्र शांत होते. पहिले तीन दिवस. खोली झाडायची, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, बारा जणींशी गप्पा मारायच्या. आणि चौथ्या दिवशी सकाळी, दाणे टाकायला ते वाकले तेव्हा एका पांढऱ्या शेपटीच्या कोंबडीने त्यांच्याकडे बघून मान डावीकडे वाकडी केली.

एकोणीस वर्षं लाखो वेळा पाहिलेली गोष्ट. पण आज त्यांच्या छातीत धस्स झालं. ही नुसती बघतेय? की...? तिने मान सरळ केली. पुन्हा वाकडी केली. मग दुसरीने केली. एकवाजे झटकन वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी कोंबड्यांना तोंड दाखवलंच नाही. दाणे खांद्यावरून मागे टाकायचे. पाण्याचं भांडं उलट्या पावलांनी नेऊन ठेवायचं. रिकामा वेळ भिंतीला नाक लावून बसायचं. कोंबड्यांना हा खेळ भारी आवडला. कुणी पाठीवर चढायची, कुणी मांडीवर येऊन तोंड बघायचा प्रयत्न करायची, आणि ते हाताने तोंड झाकायचे. "बघू नका गं," म्हणायचे, "बघू नका. तुमच्या पाया पडतो."

बायकोने खिडकीतून हे पाहिलं आणि ती रागवायचंही विसरली.

"अहो, काय करताय हे?"

"त्यांना लागेल."

"काय लागेल?"

"मी." एकवाजे भिंतीला म्हणाले. "इतकी माणसं म्हणतायत. बाई म्हणतायत. डॉक्टर नाही म्हणाले, पण टाचा जोडून म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या एकट्या कोंबड्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत गं. आणि मीच त्यांचं वाटोळं केलं असेन तर?"

तिने गजांतून हात घालून त्यांची कॉलर ओढली, पण ते काही वळले नाहीत.

इकडे बाहेर निराळाच तमाशा सुरू होता. एकवाजे आत गेले तरी तीन नंबरमध्ये रोज नव्या माना वळत होत्या. औषधाने जोर कमी झाला होता, पण जंतू काय कुणाच्या हुकमाने थांबतात? मुकादम म्हणाला, "जुनी सवय आहे बाई, जायला वेळ लागेल." बाईंना ते पटलं. वाईट उदाहरण दूर केलं, आता चांगलं उदाहरण समोर ठेवायला हवं. रोज सकाळी साडेसहाला तीन नंबर शेडमध्ये सगळ्या कामगारांची मानेची कवायत सुरू झाली. नऊ माणसं गमबूट घालून एका ओळीत. समोर बाई, तोंडात शिट्टी. "मान ताठ! मान वर! डावीकडे! समोर! उजवीकडे! समोर!" आणि भोवती साडेतीन हजारांवर कोंबड्या, 'हे काय नवीन' म्हणून माना वाकड्या करून बघतायत. बाईंना त्या जितक्या वाकड्या दिसायच्या तितक्या त्या शिट्टी जोरात फुंकायच्या. कोंबड्या दचकायच्या आणि अंडी कमी घालायच्या.

सातव्या दिवशी एका कामगाराला मानेला झटका देणं जमेना. बाई म्हणाल्या, "बघ, असं! डावीकडे!" आणि साठीच्या उंबरठ्यावरची ती मान त्यांनी अशी काही फेकली की कडकन आवाज आला. शिट्टी तोंडातून गळून भुशात पडली. बाईंचं डोकं उजव्या खांद्याकडे कलून तिथेच अडकलं. इकडे नाही, तिकडे नाही.

नऊ माणसं मान ताठ ठेवून उभी. हसायचं की धावायचं, हुकूम कोण देणार?

"शेकायला काहीतरी आणा," बाई दात आवळून म्हणाल्या.

पण मुकादम दोन पावलं मागे सरकला. आपण जे रचलं ते आपल्यालाच खरं वाटायला लागावं, अशी त्याची गत झाली होती. सात दिवस रात्रंदिवस तेच बोलून त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. त्याने खिशातून हुकमाचा कागद काढला. "बाई, तुम्हीच लिहिलंय. 'कोणाचीही असो.' खाली तुमची सही आहे."

बाईंनी कागद वाचला. तो वाचायला त्यांना आडवा धरावा लागला. वाकड्यात शिरणारी बाई नव्हती ती, आणि स्वतःची सही मोडणारीही नव्हती. "चल," म्हणाल्या.

खोलीच्या खिडकीशी एकवाजेंची बायको डबा घेऊन उभीच होती. तिने बाईंकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं.

"का हो," तिने विचारलं, "बाई कोंबडी कधीपासून झाल्या?"

मुकादमाने बाईंना आत सोडलं आणि बाहेरून दार लावून घेतलं.

आत एकवाजे भिंतीकडे तोंड करून बसलेले. खांद्यावर एक कोंबडी. बाई अंड्यांच्या उलट्या क्रेटवर बसल्या. मान ठणकत होती.

"इकडे तोंड कर," बाई म्हणाल्या.

"नको बाई. तुम्हालापण..."

"मला झालंय व्हायचं ते. आणि मी सात दिवसांत तुझ्याकडे फिरकलेही नाही, मग मला कुणी दिलं? मीच झटका दिला, मीच अडकवली." मग आवाज जरा खाली आला. "वळ रे. दुखतंय. कुणाशी तरी बोलू दे."

एकवाजे वळले. बाईंचं डोकं उजव्या खांद्याकडे, एकवाजेंचं डाव्या. समोरासमोर बसल्यावर दोन्ही डोकी एकाच बाजूला कललेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंना त्यांचा चेहरा सरळ दिसला. दोन डोळे एका रेषेत. मध्ये नाक. खाली तोंड, आणि ते तोंड आता रडेल की मग, असं झालेलं.

बाई बघतच राहिल्या. पंखा नाही, भिंत नाही. थेट बघत राहिल्या.

"तुम्ही असे दिसता होय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'तुम्ही' कधी निघालं ते त्यांनाही कळलं नाही.

एकवाजेंना वाटलं आपण काहीतरी चुकलो. "हो," ते म्हणाले. मग त्यांना रडू आलं. सात दिवसांचं साठलेलं एकदमच आलं. गमबुटावर टपटप पडायला लागलं. "बाई, मला शेड नाही दिलीत तरी चालेल. पण मी त्यांना काही केलं नाही, एवढं म्हणा. मला स्वतःला खात्री वाटेनाशी झालीय."

"तुम्ही काही केलं नाहीत," बाई म्हणाल्या. "मी केलं. साफ चुकले मी." बाईंना मान खाली घालायची होती, पण तीही हलेना, म्हणून त्यांना हे त्यांच्या डोळ्यांत बघूनच म्हणावं लागलं.

बारा कोंबड्या दोघांकडे आळीपाळीने माना वाकड्या करून बघत होत्या आणि मग दाणे टिपायला सरळ होत होत्या. बाराच्या बारा ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अहवाल घेऊन आले. कोंबड्यांचा कॉलराच. उंदरांनी आणलेला. डॉक्टरांनी खिडकीतून वाचायला सुरुवात केली आणि आत दोन कललेली डोकी पाहून त्यांच्या टाचा जुळायच्या बेतात होत्या, पण या वेळी त्यांनी त्या जुळू दिल्या नाहीत. "बाई," ते तसेच सैल उभे राहून म्हणाले, "नाल्याची जाळी कुणी बदलायची होती?"

मुकादमाने त्याच दिवशी जाळी बदलली. नंतर तीन महिने उंदरांचे सापळे तपासायचं काम बाईंनी त्याच्याकडे दिलं, आणि तपासताना मान ताठ ठेवायला लावली. औषधाने शेड सावरली. बऱ्याच गेल्या. चाळीसेक वाचल्या, पण माना वाकड्याच राहिल्या. त्या इतरांत मिसळायच्या नाहीत, त्यांच्यात रोग लपून असतो, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून त्यांचं वेगळं खुराडं झालं. एकवाजे सगळी कामं आटोपून सर्वांत शेवटी तिथे जातात, वेगळे गमबूट घालून. चोच आभाळाकडे असलेल्यांना ते हातावरून भरवतात.

बाईंची मान शेकून दहा दिवसांत सुटली. पहिल्या सकाळी त्या तीन नंबरला आल्या, एकवाजेंसमोर थांबल्या, आणि मान मुद्दाम उजवीकडे कलती करून म्हणाल्या, "काय म्हणतात तुमच्या कोंबड्या?"

झालं! बाई करतात म्हटल्यावर सगळेच करायला लागले. आता पोल्ट्रीवर एकवाजेंशी बोलायचं तर प्रत्येक जण आधी मान उजवीकडे टाकतो. परवा तपासणीला एक साहेब आले. मुकादम, डॉक्टर, बाई आणि सहा कामगार माना वाकड्या करून उभे, मध्ये एकवाजे. साहेबांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे कोंबड्यांकडून आलं का हो?"

त्या दिवशी संध्याकाळी एकवाजेंनी बायकोला हे सगळं सांगितलं. ती त्यांचा नवा शर्ट बेतत होती. तिने शिवलेल्या त्यांच्या प्रत्येक शर्टाची डावी कॉलर अर्धा इंच खाली असते, म्हणून ती त्यांच्या गळ्याला नीट बसते. एकवाजे टेपखाली उभे होते आणि तिच्याकडे बघत होते.

"सगळे मान वाकडी करून बोलतात आता माझ्याशी," ते म्हणाले. "तू चोवीस वर्षांत एकदाही केली नाहीस."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या काढून एकेक करून कापडात टोचल्या.

"कशाला करायची? बाजारात मिळतात ते शर्ट वाकडे असतात," ती म्हणाली. "तुम्ही मला बघायला आलात त्याच दिवशी लक्षात आलं होतं माझ्या. हलू नका, माप चुकेल."